परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या मागील, पुढील अथवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या दैनंदिन वापरासाठी केलेली भाजीपाला, मसाल्याच्या व औषधी वनस्पती, फळझाडे आणि फुलझाडे यांची लहान प्रमाणावरील लागवड होय. शहरी भागात गच्ची, सज्जा किंवा खिडकीतील कुंड्यांमध्ये केलेल्या अशा लागवडीलाही परसबाग किंवा 'किचन गार्डन' म्हटले जाते. विक्रीसाठी केलेल्या भाजीपाल्याच्या शेतीहून परसबाग वेगळी असते. तिच्यात एकच पीक मोठ्या प्रमाणावर न घेता अनेक पिके थोडी थोडी घेतली जातात आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच तोडणी केली जाते. त्यामुळे परसबागेचे महत्त्व एकूण उत्पादनाच्या वजनापेक्षा ताजेपणा, विविधता आणि सातत्य यांत अधिक आहे.

शब्द व संकल्पना

मराठीत 'परस' म्हणजे घराच्या मागची मोकळी जागा. तिकडे उघडणाऱ्या दाराला परसदार म्हणतात. पूर्वी शौचाची सोय घरामागे दूर असल्याने 'परसाकडे जाणे' असा वाक्प्रचारही रूढ झाला. 'बाग' हा शब्द मूळ फारसी असून मराठीत पूर्णपणे रुळलेला आहे. घरासमोरील अंगणात तुळशीवृंदावन आणि फुलझाडे, तर मागील परसात भाज्या, केळी, अळू, शेवगा व कढीलिंब अशी विभागणी जुन्या घरांत सर्रास आढळते.

परसबाग आणि मळा यांत फरक केला जातो. मळा हा विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्यावर केलेला बागायती शेतीचा भाग असून त्यातील माल बाजारात जातो. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांचे जीवन व अभंग ज्या परिसराशी निगडित आहेत, तो असाच मळा होय. परसबाग मात्र घराला लागून असते आणि तिची देखभाल घरातील माणसे, विशेषतः स्त्रिया, रोजच्या कामांबरोबरच करतात.

महाराष्ट्रातील परंपरा

कोकणात न्हाणीघराचे व भांडी घासण्याचे पाणी वाया न घालवता केळी आणि अळूच्या आळ्यांकडे वळवण्याची पद्धत होती. पावसाळ्याच्या तोंडावर दारापुढे किंवा परसात मांडव घालून त्यावर पडवळ, दोडका, कारले, दुधी व काकडी यांचे वेल चढवले जात. देशावर कुडाच्या किंवा काटेरी कुंपणावर वाल, घेवडा आणि घोसाळी यांचे वेल सोडत. वेगळी जागा न अडवता कुंपण, मांडव आणि छप्पर यांचा उपयोग करून घेणे हे या लागवडीचे वैशिष्ट्य होते.

काही सणांच्या आहारातही परसबागेचे स्थान दिसते. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाने पिकलेले अन्न न खाण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी केल्या जाणाऱ्या ऋषीच्या भाजीत अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण इत्यादी भाज्या असतात. नांगरटीविना हाताने लावता येणाऱ्या आणि त्याच सुमारास परसात तयार होणाऱ्या या भाज्या आहेत. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, घेवडा, पावटा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे इत्यादी हिवाळी भाज्यांची मिसळ भाजी करतात. हंगामात जे येते ते खावे, या जुन्या आहारपद्धतीची ही उदाहरणे होत.

इतर देशांतील परसबागा

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात व्हर्साय येथील राजवाड्यासाठी भाजीपाला व फळे पिकवणारी मोठी बाग उभारण्यात आली. तिचे काम १६७८ ते १६८३ या काळात झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नटंचाईवर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये नागरिकांना हिरवळी व मोकळ्या जागा खणून भाजी लावण्याचे आवाहन करण्यात आले. अमेरिकेतही 'विजय बागां'ची मोहीम राबवण्यात आली आणि १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या आवारातही भाजीपाला लावला गेला. सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन झाल्यावर क्यूबाला मिळणारे इंधन व खते यांचा पुरवठा घटला. तेव्हा हवाना शहरातील रिकाम्या जागांत भाजीपाल्याचे वाफे तयार करण्यात आले. दूरवरून येणारा पुरवठा खंडित झाला की घराजवळच्या लागवडीकडे समाज वळतो, हे या उदाहरणांतून दिसते.

आहारातील महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. बटाटा, रताळे यांसारखी पिष्टमय कंदमुळे यांत धरलेली नाहीत. पाच प्रौढ माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने रोज दोन किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ७३० किलो फळे व भाज्या लागतात. चार-सहा कुंड्यांतून ही गरज भागत नाही. परंतु पालेभाज्या, कोथिंबीर, पुदिना, मिरची, कढीलिंब यांसारखे जिन्नस थोड्या जागेतही पुरेसे मिळू शकतात, आणि आहारात नेमकी त्यांचीच उणीव अनेकदा असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाज्यांमध्ये लोह व फोलेट असते. मात्र वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणात लिंबू, कच्चा टोमॅटो, हिरवी मिरची किंवा आवळा यांतून 'क' जीवनसत्त्व मिळाल्यास हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे ते घटते. पालकातील ऑक्झॅलेटमुळे त्यातील कॅल्शियमचा फारसा लाभ होत नाही. म्हणून एकाच भाजीवर अवलंबून न राहता शेवग्याचा पाला, माठ, मेथी, अळू, अंबाडी अशी विविधता ठेवणे हितकारक असते. हिरव्या पानांतील कॅरोटीनचे शोषण होण्यास स्निग्ध पदार्थाची गरज असते आणि ती तेलाच्या फोडणीने भागते. परसबाग रक्तक्षय टाळण्यास हातभार लावते, परंतु रक्तक्षय झाला असल्यास वैद्यकीय उपचारांना ती पर्याय ठरत नाही.

'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आणि उष्णतेने नष्ट होणारे आहे. तोडणीनंतरच्या काळात पालेभाज्यांतील त्याचे प्रमाण घटत जाते. भाजी तोडल्यावर लगेच वापरता येणे हा परसबागेचा मोठा लाभ आहे.

जागा आणि सूर्यप्रकाश

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या यांसारख्या फळभाज्यांना दिवसातून साधारण सहा तास थेट ऊन लागते. पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू यांसारखी पिके तीन-चार तासांच्या उन्हातही वाढतात. हळद व आले यांना अर्धवट सावली चालते.

जागा निवडताना वर्षभरातील सूर्याच्या स्थितीचा विचार करावा लागतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणाभिमुख सज्जात भरपूर ऊन येते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. त्या काळात उत्तराभिमुख सज्जालाही ऊन मिळते. त्यामुळे कुंड्यांच्या जागा ऋतूनुसार बदलणे सोयीचे ठरते.

मोकळी जमीन असल्यास चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी साधारण दोन ते अडीच गुंठे जागा पुरेशी मानली जाते. शेवगा, केळी, पपई, लिंबू, कढीलिंब ही बहुवर्षायू झाडे उत्तरेच्या कडेला लावल्यास हिवाळ्यात त्यांची सावली भाजीच्या वाफ्यांवर पडत नाही.

माती आणि खत

परसबागेसाठी भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने युक्त आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. काळी चिकण माती कुंडीत घट्ट बसते व तिच्यात पाणी साचते. म्हणून कुंडीसाठी माती, चांगले कुजलेले खत आणि वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा यांचे साधारण समान भाग मिसळतात. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर, तर टोमॅटो, वांगी व मिरची यांना किमान ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी लागते. कुंडीच्या तळाशी छिद्रे असणे आवश्यक असते.

स्वयंपाकघरातील भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा आणि बागेतील पालापाचोळा यांपासून घरीच खत करता येते. ओला कचरा नत्रयुक्त असतो, तर वाळलेली पाने कर्बयुक्त असतात. कर्ब व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० भागांस एक असे राहिल्यास कुजण्याची क्रिया चांगली होते. व्यवहारात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेल्या पानांचा जाड थर दिला जातो. दुर्गंधी येऊ लागल्यास ओलावा जास्त व हवा कमी आहे असे समजावे आणि कोरडी पाने मिसळून ढीग वरखाली करावा. साधारण दोन ते तीन महिन्यांत काळपट, मातीसारखा वास असलेले खत तयार होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचा उपयोग परसबागेत जागच्या जागी होतो.

ताजे शेण थेट झाडांना घातल्यास मुळांना इजा होते, तसेच कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर रोगजंतू येण्याचा धोका असतो. म्हणून पूर्ण कुजलेले शेणखतच वापरतात.

हंगाम आणि पिके

महाराष्ट्रात परसबागेची पिके तीन हंगामांत घेतली जातात.

• खरीप (जून–जुलैमधील लागवड): भेंडी, गवार, दोडका, कारले, पडवळ, दुधी, काकडी, वांगी, मिरची, अळू, माठ, अंबाडी. हळद व आले मेअखेर ते जूनमध्ये लावतात.
• रब्बी (ऑक्टोबर–नोव्हेंबरमधील लागवड): मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, बीट, टोमॅटो, कोबी, फुलकोबी, नवलकोल, मटार, वाल.
• उन्हाळी (जानेवारी–फेब्रुवारीमधील लागवड): भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, माठ, राजगिरा.

मेथी पेरणीपासून साधारण २५ ते ३० दिवसांत, पालक ३० ते ४० दिवसांत, कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत आणि मुळा ४० ते ५० दिवसांत काढणीस येतो. भेंडीची पहिली तोडणी सुमारे ४५ ते ५० दिवसांनी होते. टोमॅटो व वांगी यांची आधी रोपे तयार करून चार-सहा आठवड्यांनी ती सायंकाळच्या वेळी पुनर्लावणी करतात. फळे त्यानंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी मिळू लागतात.

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोलीवर पेरावे, असा सर्वसाधारण नियम आहे. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांचे दोन भाग करतात, कारण प्रत्येक भागात एक बी असते. सर्व बी एकाच दिवशी न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे पेरल्यास पालेभाजी सलग मिळत राहते. एकाच वेळी भरपूर भाजी येऊन पुढे महिनाभर वाफा रिकामा राहणे ही नवशिक्यांची नेहमीची अडचण या पद्धतीने टळते.

मसाल्याच्या व सुगंधी वनस्पती

• कढीलिंब: जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढतो. शेंडे खुडल्यास फांद्या फुटून पाने भरपूर येतात.
• पुदिना: मुळे फुटलेल्या काड्यांपासून लावतात. तो वेगाने पसरत असल्याने वेगळ्या कुंडीत ठेवतात.
• कोथिंबीर: थंड हवा मानवते. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते, म्हणून अर्धवट सावलीत लावतात.
• गवती चहा: ठोंबांपासून लावतात. कडा धारदार असल्याने पाने कात्रीने कापतात.
• पानओवा: जाड, लवदार पानांची ही वनस्पती भजी व काढ्यासाठी वापरतात. मसाल्यातील ओव्याचे झाड वेगळे असते.
• तुळस व सब्जा: दोन्ही एकाच प्रजातीसमूहातील आहेत. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्यास पाने अधिक येतात.
• हळद व आले: साधारण आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागल्यावर कंद काढतात. हळदीच्या हिरव्या पानांचा उपयोग कोकण व गोव्यात पातोळ्यांसाठी होतो.

बियाणे

बाजारात सरळ वाणांचे आणि संकरित अशा दोन प्रकारांचे बियाणे मिळते. संकरित वाणाचे उत्पादन अधिक असू शकते, परंतु त्याच्या फळांतून धरलेल्या बियांपासून येणारी झाडे मूळ झाडासारखी निघत नाहीत. सरळ व स्थानिक वाणांचे बी घरी धरता येते. टोमॅटो, घेवडा, मटार ही मुख्यतः स्वपरागीभवन होणारी पिके असल्याने त्यांचे बी राखणे सोपे असते. वेलवर्गीय भाज्यांत परपरागीभवन होत असल्याने जवळपास निराळे वाण असल्यास गुण बदलू शकतात.

निरोगी झाडावरील चांगले फळ पूर्ण पिकू देऊन त्याचे बी सावलीत वाळवतात. राखेत घोळवून मडक्यात ठेवणे किंवा वाळलेल्या भोपळ्यात भरून चुलीवर टांगणे या पारंपरिक पद्धती होत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी भाज्या व धान्यांच्या अनेक गावरान वाणांचे बियाणे जतन केले आहे. 'बीजमाता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. गावोगावच्या परसबागा टिकल्या तरच असे वाण वापरात राहतात, कारण बाजारासाठीच्या शेतीत त्यांना फारसे स्थान उरलेले नाही.

पाणी आणि परागीभवन

कुंडीतील झाडांना ठरावीक वेळापत्रकाने नव्हे, तर मातीतील ओल पाहून पाणी देतात. बोट दोन-तीन सेंटिमीटर खोचल्यावर माती कोरडी लागल्यास पाणी द्यावे. पाने कोमेजणे हे पाण्याच्या अभावाचे तसेच अतिरेकी पाण्याने मुळे कुजल्याचेही लक्षण असू शकते. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास उन्हाळ्यात ओल टिकते.

दुधी, दोडका, काकडी, कारले, भोपळा या वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. उंच इमारतींत मधमाश्या कमी पोहोचत असल्याने अनेकदा ही फळे न वाढता गळून पडतात. अशा वेळी नर फूल खुडून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावतात. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, तर दुधी व दोडक्याची सायंकाळी. परागीभवनाची वेळ त्यानुसार ठरते.

कीड व रोग

परसबागेत मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, नागअळी व फळमाशी यांचा उपद्रव आढळतो. रोज पानांची खालची बाजू तपासणे आणि सुरुवातीलाच कीडग्रस्त पान काढणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा उपयोगी पडतो. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळतात आणि त्यात थोडा साबण मिसळून सायंकाळी फवारतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणे हा विषाणूजन्य रोग असून त्याचा प्रसार पांढरी माशी करते. त्यावर औषध नसल्याने रोगट झाड उपटून टाकावे लागते. घरातील डास किंवा झुरळे मारण्याची औषधे भाज्यांवर कधीही फवारू नयेत.

शहरांतील परसबाग

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गच्चीवरील भाजीपाला लागवडीचे प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आहेत. कोल्हापूर येथील गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार'च्या माध्यमातून सूर्यप्रकाश, जैविक कचरा आणि थोडी जागा यांच्या काटेकोर वापराचा विचार मांडला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांच्या पद्धतीचा आधार घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथीलच ओल्या कचऱ्यावर बाग उभी करण्यात आली.

गच्चीवर बाग करताना इमारतीच्या भारक्षमतेचा विचार अत्यावश्यक असतो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकात प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका चल भार धरला आहे. ३० सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर मात्र प्रति चौरस मीटर सुमारे ५०० किलो भरतो. त्यामुळे गच्चीवर सलग मातीचे वाफे करण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आणि जलरोधक थराची तपासणी आवश्यक ठरते. हलके मिश्रण भरलेल्या, एकमेकींपासून अंतरावर ठेवलेल्या कुंड्या तुलनेने सुरक्षित असतात.

शासकीय व शालेय उपक्रम

केंद्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांच्या परिसरातील पोषण वाटिकांना प्रोत्साहन दिले जाते. शालेय पोषण आहार योजनेत शाळेच्या आवारात परसबाग करून तेथील भाजी मुलांच्या जेवणात वापरण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात 'उमेद' अभियानाद्वारे स्वयंसाहाय्यता गटांतील स्त्रियांमध्ये परसबागेचा प्रसार केला जातो. उन्हाळी सुटीतील पाणीपुरवठा ही शालेय परसबागांपुढील मुख्य अडचण असते. त्यामुळे शेवगा, कढीलिंब यांसारखी तग धरणारी झाडे शाळांसाठी उपयुक्त ठरतात.

मर्यादा व खबरदारी

• दुधी, काकडी किंवा दोडका कडू लागल्यास खाऊ नये. कडवटपणास कारणीभूत असलेली कुकुरबिटासिन ही द्रव्ये विषारी असून शिजवल्यानेही नाहीशी होत नाहीत. कडू दुधीचा रस प्याल्याने मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. घरी धरलेल्या बियांपासून आलेल्या फळाचा लहान तुकडा आधी चाखून पाहावा व कडू लागल्यास थुंकून टाकावा.
• अळूच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे घसा खवखवतो. अळू नीट शिजवून चिंच, आमसूल किंवा ताक यांबरोबर खाण्याची प्रथा आहे.
• कुंड्यांखालील ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात.
• रंगाचे किंवा रसायनांचे जुने डबे भाज्यांसाठी वापरू नयेत.
• औषधी वनस्पतींचा नियमित वापर गरोदरपणी किंवा इतर औषधे चालू असताना वैद्यांच्या सल्ल्यानेच करावा.

परसबागेला रोज थोडा वेळ द्यावा लागतो. दीर्घ प्रवास, पाणीटंचाई किंवा उन्हाचा अभाव असल्यास तिचा विस्तार मर्यादित ठेवणे योग्य ठरते. कढीलिंब, मिरची, पुदिना आणि एखादी पालेभाजी अशा चार कुंड्यांपासून आरंभ करून एक वर्षभर तिन्ही हंगामांचा अनुभव घेतल्यानंतर लागवड वाढवणे, हा क्रम सामान्यतः यशस्वी होतो.